झिरोवर विश्वास न ठेवणारा माणूस

माझ्या डाव्या कानाने मला कमी ऐकू येतं. डॉक्टर विचारतात तेव्हा, लहानपणी कान फुटला होता, असं मी सांगतो. ते खोटं आहे. माझा कान वयाच्या सव्विसाव्या वर्षी फुटला, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, बिबवेवाडीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये, आणि तो रणपिसे साहेबांनी फोडला. मारायच्या आधी ते "अहो लिमये, जरा इकडे या" म्हणाले होते.

हा माणूस हात उचलायचा, पण अरे-तुरेवर कधी यायचा नाही. शिव्यासुद्धा अहो-जाहोत. "आपण मूर्ख आहात आणि आपल्याला ते अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही," असं ते एकदा एका कुरियरवाल्याला म्हणाले आणि कॉलरला धरून त्याला जिन्यावरून खाली रस्त्यापर्यंत नेऊन सोडलं. त्या बिचाऱ्याचा गुन्हा एवढाच, की तो अंगावर सेंट फवारून आत आला होता. पाकीट तसंच त्याच्या हातात राहिलं आणि ते आणायला मला पळावं लागलं.

आमचं काम गॅस डिटेक्टर तपासून द्यायचं. हातात मावणारं, पट्ट्याला अडकवायचं यंत्र. कारखान्यातले लोक त्याला मीटर म्हणतात. टाकीत, गटारात, तळघरात माणूस उतरायच्या आधी मीटर आत सोडायचा, आणि आत पेट घेणारी वाफ किंवा विषारी वायू असेल तर तो किंचाळतो. पण मीटर काही आपोआप खरं बोलत नाही. त्याला दर काही महिन्यांनी आपल्या माहितीचा गॅस, आपल्या माहितीच्या प्रमाणात हुंगवावा लागतो आणि आकडा जुळवून घ्यावा लागतो. त्यालाच कॅलिब्रेशन म्हणायचं. शिवाय गिऱ्हाइकाकडे जी वाफ असेल तिच्यासाठीच तो लावायचा असतो. मिथेनवर लावलेला मीटर टोल्युइनच्या, म्हणजे थिनरसारख्या वाफेत नेला तर कमी आकडा दाखवतो आणि माणूस बिनघोर आत जातो. यातलं काहीही मला डिप्लोमाच्या तीन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. रणपिसेंनी तीन आठवड्यांत शिकवलं, आणि त्यातले दोन आठवडे माझ्या डोक्यात टपल्या पडत होत्या.

पन्नाशीचे होते. बुटके, रुंद, मनगटं जाडजूड. राहायला जवळच, अप्परच्या वस्तीत. डोक्याला तेल नाही, अंगाला पावडर नाही, विडी नाही, तंबाखू नाही. दाराशी उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाचा वास घ्यायचे, अगदी आमच्या मालकांचा, कुलकर्णी साहेबांचासुद्धा. वर्कशॉपमध्ये उदबत्ती नाही, फिनेल नाही, कुणाच्या केसांत गजरा नाही. मी नारायण पेठेतला, तुसडेपणा मला घरूनच मिळालेला, पण यांच्यापुढे मी म्हणजे साखर होतो.

"झिरोवर विश्वास ठेवायचा नाही लिमये. झिरो मेलेला मीटरही दाखवतो." हे वाक्य मी दिवसातून चार वेळा ऐकलं असेल. मीटरवर झिरो दिसतोय, म्हणजे हवा चांगली आहे किंवा मीटर मेलाय. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून दुरुस्त होऊन निघालेल्या प्रत्येक मीटरला ते तपासणीच्या लहानशा सिलिंडरमधला गॅस द्यायचे आणि ओरडायला लावायचे. तो ओरडला, की मगच सही. दिवसभर आमच्याकडे किंकाळ्या चालायच्या. शेजारी शिवणकाम करणाऱ्या बाई एकदा भांडायला आल्या. तेव्हा रणपिसे त्यांना म्हणाले, "बाई, हे ओरडतात म्हणून माणसं ओरडत नाहीत." बाईंना काही कळलं नाही. मलाही तेव्हा ते वाक्य उगाच मोठं वाटलं.

त्याचा अर्थ त्यांनी एका दुपारी डबा खाताना सांगितला. मी विचारलंही नव्हतं. आधी ते एका रसायनांच्या कारखान्यात होते. बहिणीचा नवरा, म्हणजे त्यांचे दाजी, तिथेच फिटर. एका टाकीचं वेल्डिंग करायचं होतं. मीटर रणपिसेंच्या हातात होता. त्यांनी आत सोडला, झिरो दिसला, आणि ते म्हणाले, "उतरा दाजी."

"टाकीच्या तोंडातून जाळ आला आणि पाठोपाठ दाजी आले," रणपिसे भाकरी मोडत म्हणाले. "स्वतःच्या पायांनी आले. दोन पावलं चालले. अंगावर शर्ट नव्हता. हाताची कातडी सुटून बोटांना लोंबत होती. मला विचारलं, मीटर काय म्हणतोय."

तिसऱ्या दिवशी गेले. बहीण बारा वर्षं बोलत नव्हती यांच्याशी. एवढं सांगून रणपिसेंनी डबा पुसून खाल्ला, हात धुतले आणि पुढचा मीटर घेतला. मी त्या दिवशी माझा डबा तसाच घरी नेला. त्यानंतर मात्र त्यांच्या टपल्यांचा मला राग आला नाही. या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, आपली सही बघून पुन्हा कुणी खोट्या झिरोवर आत उतरू नये. बाकी तुम्ही त्याला काय समजता याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

शहरात तेव्हा काचेच्या इमारती उगवायला लागल्या होत्या. वर कॉम्प्युटर आणि खाली तळघरात जनरेटर, बॅटऱ्यांच्या खोल्या. बॅटऱ्यांतून हायड्रोजन निघतो, म्हणून तिथेही मीटर लागायचे. अशाच एका तळघरात आम्ही गेलो, तर तिथला टायवाला मॅनेजर घाईत होता. "अंकल, झिरो दाखवतोय ना, मग सर्टिफिकेट देऊन टाका ना. उद्या फॉरेनचे क्लायंट आहेत, ऑडिट आहे."

रणपिसेंनी मीटरला गॅस दिला. मीटर गप्प. पुन्हा दिला. झिरो. त्यांनी मीटर रॅम्पवर ठेवला, भिंतीवरचा लाल अग्निशामक सिलिंडर काढला आणि दोन्ही हातांनी वर उचलून त्याच्यावर आपटला. एकदा नाही, चार वेळा. तुकडे पार गाड्यांखाली गेले.

"सर, धिस इज अवर प्रॉपर्टी," मॅनेजर पांढराफटक पडला होता.

रणपिसेंनी त्याचा टाय मुठीत धरला आणि त्याला खांबाला टेकवलं. "आता तो झिरोसुद्धा दाखवत नाही. आता आपल्याला फसवणार नाही. आभार मानायची गरज नाही."

कुलकर्णींनी त्या मॅनेजरला नवा मीटर भरून दिला आणि रणपिसेंशी दोन दिवस बोलले नाहीत. काढून टाकणं परवडणारं नव्हतं. आयएसओचे कागद हवे असलेले सगळे कारखाने रणपिसेंच्या सहीवर आमच्याकडे येत होते.

आता तो दसरा.

रणपिसे दरवर्षी दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे. त्यात खंड नाही. त्या वर्षीही आदल्या दिवशी लोणी काळभोरच्या एका कारखान्याचे तीन मीटर तपासून, ओरडवून, सह्या करून, पेटीत बंद करून ते गाडीला गेले. जाताना मला म्हणाले, "पेटीला हात लावू नका."

दसऱ्याला वर्कशॉपमध्ये हत्यारांची पूजा. पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, सगळं पाटावर मांडलेलं, हळदकुंकू, झेंडूची फुलं. कुलकर्णी साहेब बघून म्हणाले, "अरे, मीटर कुठेत? आपलं पोट त्यांच्यावर आणि पूजेत पक्कड?" बरोबरच होतं. मी पेटी उघडली, ते तिन्ही काढले, टेबलावरचा आमचा एक काढला. नुसते ठेवले तर मळकट दिसत होते. कुलकर्णींच्या नव्या गाडीत डॅशबोर्ड चमकवायचा स्प्रे होता. तो मी आणला, चारही मीटरवर मनसोक्त मारला, फडक्याने पुसले. काय चकाकले म्हणून सांगू. मला स्वतःचं कौतुक वाटलं. पूजा झाली, पेढे झाले, तिन्ही मीटर पुन्हा पेटीत गेले.

त्या स्प्रेमध्ये सिलिकॉन असतं. मीटरच्या आत वाफ जळण्यासाठी एक बारीक मणी असतो. सिलिकॉन त्याच्यावर बसलं की मणी कायमचा मरतो आणि मीटर काहीही तक्रार न करता झिरो दाखवत राहतो. हे मला रणपिसेंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. माझ्या वहीतही लिहिलेलं होतं. पण मी ते कारखान्यातल्या सीलंटबद्दल, ग्रीसबद्दल लिहून घेतलं होतं. दसऱ्याच्या पूजेचा आणि त्याचा काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी लोणीचा ड्रायव्हर सकाळी आठलाच पेटी घेऊन गेला. साडेनऊला रणपिसे स्टेशनवरून थेट आले, खांद्याला पिशवी, डोळे रात्रभर न झोपलेले. दारातच थांबले. नाक वर केलं.

"काय मारलंय इथे?"

मी हसत स्प्रेचा डबा दाखवला. त्यांनी तो वाचला. मग टेबलावरचा चकचकीत मीटर उचलला, सिलिंडरची नळी लावली, गॅस सोडला. झिरो. नळी काढून पुन्हा लावली. झिरो.

"लोणीचे तीन?"

"त्यांनाही मारला. पूजेला. सकाळी घेऊन गेले ते."

"अहो लिमये, जरा इकडे या," ते म्हणाले, आणि मी दोन पावलं पुढे गेलो. हात येताना दिसलाच नाही. मी कपाटावर आपटलो, कपाटाची काच फुटली, कानात शिट्टी सुरू झाली आणि मानेवरून काहीतरी कोमट ओघळलं. मी उठायच्या आत ते फोनवर होते. लोणीचा ऑपरेटर म्हणाला, साहेब टाकीवर आहेत, वेल्डिंग आहे, निरोप देतो. रणपिसेंनी फोन ठेवला नाही, भिंतीवर फेकला. ड्रॉवर उघडून त्यांनी स्वतःचा मीटर काढला, जो ते कुणाला शिवू देत नसत, आणि सिलिंडर माझ्या छातीवर आदळला. "बसा मागे."

तो प्रवास मला तुकड्यांत आठवतो. मी स्कूटरवर मागे, मांडीवर सिलिंडर, शर्टाची कॉलर रक्ताने चिकटलेली. हडपसरला एक टेम्पो आडवा लागला होता. रणपिसेंनी जाता जाता मुठीने त्याचा आरसा फोडला, स्कूटर फुटपाथवर घातली आणि पुढे काढली. मागून शिव्या आल्या, त्या मला एकाच कानाने ऐकू आल्या. पूर्ण रस्ता ते एकच वाक्य पुटपुटत होते. "माझी सही आहे त्याच्यावर. माझी सही आहे."

कारखान्याच्या गेटवर वॉचमन आडवा आला. "ओ, कुठं चाललाय? पास हाय का?"

रणपिसेंनी स्कूटर सोडूनच दिली, ती माझ्यासकट पडली. वॉचमनच्या छातीवर त्यांनी दोन्ही हात दिले आणि तो मागच्या कुंड्यांवर कोसळला. ते धावत सुटले. मी सिलिंडर कवटाळून लंगडत मागे.

टाकी शेडच्या मागे होती. तोंडाशी मी चमकवलेला मीटर लटकवलेला, त्याच्या बाजूला हळदीचं बोट अजून दिसत होतं. झिरो. शेजारी सेफ्टी ऑफिसर फॉर्म भरत उभा. वेल्डिंगचं मशीन घुमत होतं आणि केबल टाकीच्या तोंडातून आत गेली होती, पण ठिणगी अजून पडलेली नव्हती. रणपिसेंनी मशीनचा खटका पाडला, केबल उपटली, कमरेपर्यंत टाकीत वाकले आणि आतल्या माणसाला बंडी धरून ओढलं. तो अडकला. ते पुन्हा ओढत राहिले. त्याचं कपाळ टाकीच्या काठावर घासलं, तो रक्तबंबाळ होऊन बाहेर पडला, आणि ओरडायला लागला तशी यांनी त्याच्या थोबाडीत दिली.

"काऊन मारून राहिले जी मले?" तो रडत विचारत होता. विदर्भातून आलेला वेल्डर, तिशीचाही नसेल. "का केलं जी म्या?"

तेवढ्यात गेटवरचे चौघे काठ्या घेऊन पोचले. त्यांनी काही विचारलं नाही. पहिली काठी रणपिसेंच्या पाठीत बसली, दुसरी तोंडावर. ते टाकीच्या तोंडावरच आडवे पडले, अंगाने टाकीचं तोंड झाकून, आणि उजव्या हाताने काठ धरून ठेवला. त्या हातावर काठ्या पडत होत्या. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकलाय. ते दातांतून रक्त थुंकत एवढंच म्हणत होते, "मीटर मेलाय. अहो, मीटर मेलाय."

मी लटकवलेल्या मीटरला नळी लावून गॅस सोडला. सूं सूं आवाज येत होता आणि आकडा झिरो. मी तो सेफ्टी ऑफिसरच्या नाकासमोर धरला. त्याने आधी मला ढकललं, मग आकडा पाहिला. मग रणपिसेंच्या खिशातला मीटर मी काढला, काठ्या थांबल्या होत्या, आणि दोरीला बांधून टाकीत सोडला. दोन हात खाली गेला असेल, आणि जे ओरडायला लागला ते शेडभर घुमलं. सेफ्टी ऑफिसर जमिनीवर बसला. वेल्डर रडायचा थांबला. रणपिसे तसेच पडल्या पडल्या ऐकत होते, आणि त्यांचा चेहरा मी तेव्हा जितका शांत पाहिला तितका पुन्हा कधी पाहिला नाही.

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं.

कारखान्याला बोभाटा नको होता, आणि वॉचमनला मारल्याची तक्रार त्यांच्या हातात होती. चार दिवसांनी त्यांचा मॅनेजर आमच्या ऑफिसात आला. कुलकर्णी साहेबांनी मला आत बोलावलं. ते माझ्याकडे न बघता पेपरवेट फिरवत होते.

"मीटर तपासले कुणी?" मॅनेजरने विचारलं.

"रणपिसेंनी."

"सही त्यांची. त्यानंतर कुणी हात लावला होता?"

"नाही," मी म्हणालो.

माझं लग्न ठरलं होतं आणि मला नोकरी हवी होती. कारण एवढंच, आणि ते पुरेसं नाही, हे मला ते बोलतानाही माहीत होतं. मॅनेजरने लिहून घेतलं की कॅलिब्रेशन चुकीचं झालं होतं. तक्रार मागे घेतली गेली आणि रणपिसेंना घरी बसवलं गेलं.

ते सामान न्यायला आले तेव्हा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, पुढचे दोन दात नव्हते. डाव्या हाताने त्यांनी डबा, चष्मा, स्वतःचा मीटर पिशवीत भरला. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर फार बरं वाटलं असतं. ते माझ्या टेबलापाशी थांबले.

"लिमये, नाही म्हणालात?"

मी मान खाली घातली.

"दाजींना उतरा मी म्हणालो, हे बहिणीला मी स्वतः जाऊन सांगितलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं." एवढंच बोलून ते जिना उतरून गेले.

त्यांच्या जागी मी बसलो. सह्या मी करायला लागलो. प्रत्येक मीटर ओरडवतो, एकही तसा सोडलेला नाही, इतकी वर्षं. ते कुणाला सांगून काय उपयोग?

आठ-नऊ वर्षांनी एका आयटी पार्कच्या मागच्या रस्त्यावर ड्रेनेजचं काम निघालं. ठेकेदाराने भाड्याने मीटर मागवला, तो द्यायला मी स्वतः गेलो. चेंबरचं झाकण उघडं, कमरेला दोर बांधलेला एक माणूस काठावर बसलेला, आणि दोराचं दुसरं टोक धरून रणपिसे साहेब. केस पूर्ण पांढरे. उजव्या हाताची बोटं वाकडी जुळलेली. ठेकेदार म्हणाला, हे काका असल्याशिवाय आमचा एकही माणूस खाली जात नाही, मध्ये एका मुकादमाला यांनी याच कारणावरून फावड्याने हाणलाय.

त्यांनी मला ओळखलं. चेहऱ्यावर काही हललं नाही. मीटर घेतला, सोबतचं सर्टिफिकेट लांब धरून वाचलं, खालचं नाव वाचलं. मग पिशवीतून सिलिंडर काढला आणि डाव्या हाताने नळी लावायला लागले.

"साहेब, सकाळीच तपासलाय," मी म्हणालो. "मी स्वतः. माझी सही आहे."

"म्हणूनच तपासतोय," ते म्हणाले.

मीटर ओरडला. त्यांनी आकडा बघितला, मीटर दोरीला बांधून चेंबरमध्ये सोडला, पुन्हा बघितला. मग काठावरच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "उतरा." तो खाली गेला. रणपिसे माझ्याकडे पाठ करून दोर धरून उभे राहिले, आणि तो माणूस वर येईपर्यंत मीही तिथून हललो नाही.